डिसेंबरच्या थंडीत घाम

बेळगावच्या वडगावात आमच्या शेजारच्या वैनी माग चालवतात. खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे परवा दारातूनच साऱ्या गल्लीला ऐकू गेलं, "चार महिने झाले, पाळी नाही बघ. सुटलो एकदाची!" वय 39. डिसेंबरात सगळं बेळगाव स्वेटर-कानटोपीत असताना वैनी रात्री दोनला रग फेकून कट्ट्यावर येऊन बसायच्या. घरच्यांनी पित्त ठरवून टाकलं.

सुटल्यासारखं वाटणारच. पण भारतात पाळी साधारण 46-47 च्या सुमारास जाते. 45 च्या आत गेली तर ती लवकर गेली असं धरतात. आणि 40 च्या आत हे सुरू झालं तर डॉक्टर त्याला अंडाशयाचं काम अकाली मंदावणं म्हणतात, बंद पडणं नव्हे, कारण असं अंडाशय मधूनच जागंही होतं. क्वचित दिवसही जातात. तेव्हा 'आता काय भीती नाही' हा हिशेब चुकीचा.

पहिली खूण अंगात नाही, भिंतीवर दिसते. ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितो, तिथेच पाळीचा ठिपका असतो. मागच्या वर्षाचे ठिपके मोजा. बऱ्याचदा पाळी आधी लांबत नाही, जवळ येते: 28 दिवसांची 24 वर. अंडाशयातला बीजांचा साठा घटला की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढवते, म्हणजे आरडाओरडा करून काम करून घेते, आणि बीज लवकर पिकतं. पुढे दोन पाळ्यांमधलं अंतर सात-सात दिवसांनी मागेपुढे व्हायला लागतं, मग साठ दिवसांची दांडी. यल्लम्माच्या डोंगराला जायचंय, घरात लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर मात्र ठिपक्यांवर भरवसा नाही. डॉक्टरांना गोळ्यांचं आधी सांगा.

आता तो घाम. मेंदूत तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. अंडाशयाचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की तिथल्या काही चेतापेशी बेताल होतात आणि किंचित ऊब वाढली तरी शरीर उकाडा समजून घाम सोडतं. छातीतून वाफ चढते, चेहरा लाल होतो, पाच मिनिटांत सगळं शांत, मागाहून हुडहुडी. सोबत झोपमोड, धडधड, सांधे धरणं, चिडचिड. लघवीची जळजळ किंवा संबंधांच्या वेळी कोरडेपणा, हे मात्र कोणी सांगतच नाही.

पिशवी काढलेल्या बायकांना तर ठिपकेच नसतात. अंडाशयं ठेवली असली तरी ती थोडी लवकर थकतात, काढली असतील तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्तीच. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्यावर ते लिहिलेलं असतं. केमोथेरपी, ओटीपोटावरचं रेडिएशन, ही पाळी लवकर जायची बाकीची कारणं; विडी-सिगारेट आणि काही थायरॉइडचे आजार ह्यांचाही संबंध दिसतो. अनेकींत कारण सापडतच नाही.

तपासणी सोपी आहे: आधी गरोदरपणाची, मग रक्तातलं थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि एफएसएच. इस्ट्रोजेन दहा वर्षं आधी गेलं तर हाडं आणि हृदयही दहा वर्षं आधी उघडी पडतात, म्हणून काही विशेष अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोन देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना ते सहसा चालत नाही. आणि धो-धो रक्त जात असेल तर 'जायची लक्षणं' म्हणून घरी बसू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला तरी दाखवायचं.

वैनींना शेवटी नेलं. गरोदरपणाच्या तपासणीचं नाव काढताच "ह्या वयात काय वो डॉक्टर!" म्हणून पदर तोंडाला लावला. मग विचारलं गेलं, आईची पाळी कधी गेली? माहीत नव्हतं. तिथूनच निपाणीला थोरल्या बहिणीला फोन लावला. तिची एक्केचाळीसला गेली होती. आजवर दोघी त्यावर कधी बोलल्याच नव्हत्या.