लेन कीप असिस्ट की लेन सेंटरिंग? स्टेअरिंगवरचा हात काढण्याआधी वाचा

नव्या गाडीच्या अ‍ॅडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा) यादीत ही दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. दोन्हींत स्टेअरिंग थोडं आपणहून फिरतं, म्हणून अनेकांना ती एकच सोय वाटते. पण पहिलीला दुसरी समजून अटल सेतूवर हात सैल सोडणं जिवावर बेतू शकतं.

लेन कीप असिस्ट एरवी गप्प असतं. इंडिकेटर न देता गाडी पांढऱ्या पट्ट्याकडे सरकू लागली की ते स्टेअरिंग हलकेच आत ओढतं आणि पुन्हा शांत होतं. गाडी लेनच्या मध्ये ठेवणं हे त्याचं कामच नाही. हात सोडलेत तर ती या पट्ट्याकडून त्या पट्ट्याकडे हेलकावत जाईल आणि वळणावर जोर अपुरा पडला तर लेनबाहेरही जाईल. बऱ्याच गाड्यांत ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेग आल्याशिवाय ते जागंच होत नाही.

लेन सेंटरिंग मात्र सतत चालवत राहतं, बहुतेकदा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलच्या (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणाऱ्या सोयीच्या) जोडीने. ह्युंदाईच्या गाड्यांत त्याचं नाव लेन फॉलोइंग असिस्ट. मला जास्त काळजी याचीच वाटते, कारण ते इतकं नीट चालवतं की माणसाचं लक्ष उडतं. ही लेव्हल 2 ची, म्हणजे अर्धवट स्वयंचलित, मदत आहे. नजर रस्त्यावर आणि जबाबदारी चालकाचीच.

दोन्हींचा भरवसा मुख्यतः आरशाजवळ, काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्यावर, आणि कॅमेऱ्याला हवेत स्पष्ट पट्टे. सुमारे 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूवर ते मिळतात, शिवाय तिथे दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. शहरात शिरलात की चित्र पालटतं. मेट्रोच्या कामापाशी वळवलेल्या रस्त्यावर जुने पट्टे अर्धवट पुसलेले आणि नवे त्यांना छेदून गेलेले दिसतात. कॅमेरा चुकीचा पट्टा धरू शकतो. जुलैच्या पावसात, रात्री, ओल्या डांबरावर दिव्यांची तिरीप पडली की पट्टा माणसालाही दिसत नाही. अशा वेळी मदत गुपचूप बंद होते. अनेक गाड्यांत फक्त डॅशबोर्डवरचं हिरवं चिन्ह राखाडी किंवा पांढरं होतं, आवाजही येत नाही. म्हणून त्या चिन्हावर अधूनमधून नजर टाकत राहा.

खड्डा किंवा अचानक आडवी आलेली बाईक चुकवताना इंडिकेटर द्यायला वेळ नसतो. लेन कीप असिस्ट तुम्हाला परत त्याच दिशेला ओढू पाहील. घाबरू नका, त्याचा जोर माणसाच्या हातापेक्षा कमी ठेवलेला असतो. स्टेअरिंग घट्ट धरून वळवा, ते सोडून देईल. पण त्यासाठी हात आधीपासून तिथे हवेत. लेन बदलताना मात्र इंडिकेटर द्याच. मागच्याला कळतं आणि गाडीही मध्ये पडत नाही. दादर, कुर्ल्यासारख्या गर्दीत तर मी सेंटरिंग सरळ बंद ठेवावं असंच सांगेन.

काहीजण हात ओळखणाऱ्या सेन्सरला फसवायला स्टेअरिंगला बाटली किंवा वजन अडकवतात. कृपा करून असं करू नका. तुमचं लक्ष उडालंय हे गाडीला कळण्याचा तो एक मार्ग असतो.

आणि समोरची काच बदलली असेल, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणं) करून घेतल्याशिवाय यातलं काहीच वापरू नका.