मॅग्नमची गोळी हरणाला मागे फेकते का?

‘पॉइंट ४४ मॅग्नमची गोळी लागली की हरीण उडून मागे पडतं,’ हे अमेरिकेतल्या शिकारीच्या गप्पांत वर्षानुवर्षं फिरतंय. (पॉइंट ४४ मॅग्नम हे मुख्यतः रिव्हॉल्वरचं एक ताकदवान काडतूस.) सिनेमात तसंच दिसतं, त्यामुळे पटणं स्वाभाविक आहे.

हिशेब करून पाहू. या काडतुसातली नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.५ ग्रॅम. वेग सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास. वजन किलोत घेऊन दोन्हींचा गुणाकार केला, की संवेग (धडकेचा जोर) ६.७ किलो-मीटर प्रति सेकंद येतो. तो सगळाच्या सगळा ६० किलोच्या हरणात उतरला, तरी हरणाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ११ सेंटिमीटर! गोळी आरपार गेली तर त्याहूनही कमी. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी वेग थोडा वाढवला (काडतुसं भरण्याच्या पुस्तिकेतली छापील मर्यादा ओलांडून तर कधीच नको), तरी चित्र बदलत नाही.

शिवाय झाडणाऱ्याला बसणारा धक्का गोळीच्या संवेगाहून जरा जास्तच असतो, कारण नळीतून दारूचा वायूही बाहेर पडतो. तो माणूस कुठे उडतो?

हरीण जागीच कोसळतं ते बहुधा मेंदूला किंवा मणक्याला इजा झाल्यामुळे. हृदयात गोळी लागलेलं हरीण मात्र अनेकदा बरंच अंतर धावून मग पडतं. खात्री करायची असेल, तर वेगमापक यंत्रावरचा आकडा घ्या, गोळीचं वजन खोक्यावर छापलेलं असतंच, आणि गुणाकार स्वतः करा.