रेताची कांडी उन्हावर वितळवू नका

रेताची कांडी म्हणजे गाय-म्हशीच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं किंवा रेड्याचं वीर्य भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली बारीक नळी. “सोलापूरच्या ४२ अंशांच्या उन्हात कांडी खिशातच वितळते, कोमट पाणी कशाला?” हा समज चुकीचा आहे. उणे १९६ अंशांवरून सावकाश गरम होताना बर्फाचे बारीक कण पुन्हा जुळून मोठे होतात आणि शुक्राणूंचं आवरण फाडतात. ऊन कितीही असो, हवा पाण्याइतकी झटपट उष्णता देत नाही. थर्मासमधलं पाणी तापमापकाने मोजून ३७ अंशांवर आणा, कांडी ३० सेकंद बुडवा, मग कोरडी पुसा. पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. पंधरा मिनिटांच्या आत रेतन व्हायला हवं. गोठवण उत्तम असली तरी त्यातच जवळपास निम्मे शुक्राणू जातात, म्हणून उरलेले फार मोलाचे. खिलार गाय असो वा पंढरपुरी म्हैस, वितळलेली कांडी पुन्हा नायट्रोजनमध्ये ठेवू नका. ती वाया गेलेली असते.