संरक्षण खर्चाचा सार्वजनिक वाद

देशाच्या संरक्षणावर किती पैसा खर्च करावा, तो कशावर करावा आणि त्यासाठी दुसऱ्या कोणत्या खर्चाला कात्री लावावी, यांवरून सरकार, विधिमंडळ, सैन्यदले, शस्त्रउद्योग आणि नागरिक यांच्यात चालणारा वाद. वरवर पाहता हा रकमेचा वाद असतो. पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात : धोका कोणता, त्याला तोंड देण्याची साधने कोणती आणि त्याचा भार कोणी उचलायचा. यांपैकी पहिल्या प्रश्नाची माहिती सरकारच्या हाती असते आणि ती बहुतांशी गोपनीय असते. तिसऱ्याची झळ मात्र प्रत्येक करदात्याला कळते. म्हणून जाहीर चर्चा पुन्हा पुन्हा रकमेवर किंवा टक्केवारीवर येऊन थांबते आणि ‘कशासाठी?’ हा प्रश्न मागे पडतो.

स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगाचा एकूण लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलर होता. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ ९.४ टक्के होती. अमेरिका, चीन, रशिया, जर्मनी आणि भारत या पाच देशांनी मिळून त्यातला सुमारे ६० टक्के खर्च केला. एकट्या अमेरिकेचा आकडा ९९७ अब्ज डॉलर होता.

पूर्वपीठिका

या वादाचे एक फार जुने उदाहरण अथेन्सचे आहे. इ.स.पू. ४८३च्या सुमारास लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा सापडला. ती चांदी नागरिकांना माणशी दहा द्राख्मा या हिशेबाने वाटून टाकावी, असा प्रस्ताव होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीझ याने नागरिकांच्या सभेला वाटपाऐवजी लढाऊ गलबते बांधण्यास राजी केले. त्यासाठी त्याने पुढे केलेला शत्रू होता शेजारचे ईजायना बेट. इराणचे साम्राज्य दूर होते, त्याची भीती लोकांना तितकीशी वाटत नव्हती. तीन वर्षांनी, इ.स.पू. ४८०मध्ये, सॅलमिसच्या लढाईत ती गलबते इराणी आरमाराविरुद्धच कामी आली. निर्णय योग्य ठरला, पण ज्या कारणासाठी तो घेतला गेला ते कारण वेगळेच होते. संरक्षण खर्चाच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. फक्त शेवट दर वेळी इतका सुदैवी नसतो.

आधुनिक संसदीय नियंत्रणाची मुळे सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहेत. पहिल्या चार्ल्सने संसदेला न विचारता ‘जहाजपट्टी’ वसूल केली. पूर्वी युद्धकाळात किनारी भागांपुरती असलेली ही पट्टी १६३५ मध्ये समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही लादली गेली. जॉन हॅम्पडनने ती भरण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी सात विरुद्ध पाच मतांनी निकाल राजाच्या बाजूने दिला, पण १६४१ मध्ये संसदेने ही पट्टीच बेकायदा ठरवली. १६८९च्या हक्कांच्या सनदेनुसार शांततेच्या काळात संसदेच्या संमतीवाचून खडे सैन्य ठेवणे बेकायदा झाले. अमेरिकेच्या राज्यघटनेने आणखी एक पाऊल पुढे टाकले : लष्करासाठीची आर्थिक तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची असू शकत नाही. म्हणजे सैन्य हवे की नको, हा प्रश्न निदान कागदोपत्री तरी ठरावीक काळाने लोकप्रतिनिधींसमोर येतोच.

वृत्तपत्रे आणि व्यापक मताधिकार यांच्या काळात वादाला रस्त्यावरचे रूप आले. १९०९ मध्ये जर्मनी झपाट्याने ड्रेडनॉट जातीच्या युद्धनौका बांधत असल्याची आवई ब्रिटनमध्ये उठली. नौदलाला सहा नौका हव्या होत्या, काटकसरीच्या बाजूचे मंत्री चारवर अडून बसले होते आणि ‘आठ हव्यात, थांबणार नाही’ अशा घोषणांच्या गदारोळात शेवटी आठ मंजूर झाल्या. जर्मनीचा वेग मात्र धरला होता तितका निघाला नाही. त्याच वर्षी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना या नौका आणि नुकतेच सुरू झालेले वृद्धांचे निवृत्तिवेतन, असे दोन्ही खर्च भागवायचे होते. त्यासाठी त्यांनी श्रीमंतांवर व जमिनीवर कर सुचवले. उमराव सभेने अंदाजपत्रक फेटाळले, आणि त्यातून निघालेल्या पेचाचा शेवट १९११ मध्ये त्या सभेचे अधिकार छाटण्यात झाला.

धोक्याचा अंदाज

एखाद्या राष्ट्राने केवळ बचावासाठी वाढवलेली तयारी शेजाऱ्याला आक्रमणाची तयारी वाटते, मग तोही वाढवतो, आणि दोघेही पूर्वीपेक्षा असुरक्षित होतात. या ‘सुरक्षा पेचा’ची मांडणी जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये केली. शीतयुद्धात तो पेच प्रत्यक्षात दिसला. १९६०च्या अमेरिकी निवडणुकीत जॉन केनेडी यांनी सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रांत आघाडी घेतल्याचा मुद्दा प्रचारात आणला. यू-२ टेहळणी विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून अध्यक्ष आयझेनहॉवर यांना या दाव्याविषयी दाट शंका होती, पण पुरावा उघड करता येत नव्हता. पुढच्याच वर्षी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून स्पष्ट झाले की सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रे अगदी मोजकीच होती आणि आघाडी अमेरिकेचीच होती. मतदारांनी ज्या माहितीवर मत बनवले ती चुकीची होती, आणि ज्याच्याकडे बरी माहिती होती त्याचे तोंड बंद होते. गोपनीयतेची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

चूक उलट दिशेनेही होते. येत्या दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही, असे धरून ब्रिटनने १९१९ पासून संरक्षणाची अंदाजपत्रके आखली. पुढे ही मुदत रोज नव्याने सुरू होते असे मानले जाऊ लागले, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्नच उरला नाही. १९३२ मध्ये हे गृहीतक सोडून दिले, तोवर पुन्हा शस्त्रसज्ज होण्यासाठी लागणारे कारखाने आणि कुशल कामगार पांगले होते.

मोजमापाचा घोळ

वादात सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी खर्चाचे प्रमाण. ते समजायला सोपे आहे आणि त्यामुळेच फसवे आहे. नाटो संघटनेने २०१४च्या वेल्स परिषदेत दोन टक्क्यांचे लक्ष्य ठरवले, तेव्हा ते गाठणारे सदस्य अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस हे तीनच होते. ग्रीस त्या काळात गंभीर आर्थिक संकटात होता. उत्पादन आकसले की तेवढाच खर्च जास्त टक्के दिसतो. शिवाय टक्केवारी केवळ किती पैसा ओतला ते सांगते. त्यातून किती दारूगोळा, किती प्रशिक्षण, किती उडू शकणारी विमाने मिळाली, ते सांगत नाही.

लष्करी खर्चात काय धरायचे, यावरही एकमत नाही. अमेरिकेत अण्वस्त्रांच्या निर्मितीचा मोठा खर्च ऊर्जा खात्याकडे आणि माजी सैनिकांचा खर्च वेगळ्या खात्याकडे आहे. संरक्षण खात्याचा आकडा त्यामुळे पुरे चित्र दाखवत नाही. भारतात याच्या उलट आहे. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी ठेवलेल्या सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांत निवृत्तिवेतनाचे सुमारे १.६१ लाख कोटी धरलेले आहेत, आणि नव्या शस्त्रसामग्रीसह भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी आहेत. ‘संरक्षणावर इतका खर्च’ असे म्हणताना यातला कोणता आकडा मनात आहे, ते विचारायला हवे. बहुतेक चर्चांत ते कोणी विचारत नाही. चीनसारख्या देशाच्या बाबतीत अधिकृत आकडा आणि बाहेरच्या संस्थांचे अंदाज यांत फरक पडतो. डॉलरमध्ये केलेली तुलना सैनिकाचे वेतन कमी असलेल्या देशाची ताकद कमी दाखवते, ही आणखी एक अडचण.

शस्त्राची खरेदी किंमत हाही खर्चाचा केवळ एक भाग असतो. एफ-३५ या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमाचा संपूर्ण आयुष्यभराचा खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या वर जाईल, असा अमेरिकी सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. त्यात सिंहाचा वाटा चालवणे आणि दुरुस्ती यांचा आहे. खर्च वाढला की संख्या कापली जाते आणि संख्या कापली की नगाचा खर्च आणखी वाढतो. अमेरिकी नौदलासाठी झुमवॉल्ट वर्गाच्या ३२ विनाशिका बांधण्याची मूळ योजना होती. बांधल्या गेल्या तीन.

खर्च कशाच्या बदल्यात

१६ एप्रिल १९५३ रोजी केलेल्या भाषणात आयझेनहॉवर यांनी एका आधुनिक बॉम्बफेकी विमानाची किंमत तीसहून अधिक शहरांत प्रत्येकी एक पक्की शाळा बांधण्याइतकी आहे, असा हिशेब मांडला. स्वतः सेनापती राहिलेल्या माणसाच्या तोंडी तो आल्याने आजही खर्चविरोधी युक्तिवादात तो वापरला जातो. त्यात एक उणीव आहे : विमान रद्द झाले म्हणून पैसा आपोआप शाळेकडे जात नाही, तो करकपातीत किंवा व्याजात जिरू शकतो. आयझेनहॉवर यांच्याच कारकिर्दीत भूदल कमी केले गेले, पण अण्वस्त्रांवरचा भर वाढला, कारण ती तुलनेने स्वस्त पडत होती.

सरकारे आता ही अदलाबदल कधी कधी उघडपणे मांडतात. डेन्मार्कने २०२३ मध्ये संरक्षण खर्चाचे कारण देऊन वसंतातील एक जुनी धार्मिक सार्वजनिक सुट्टी २०२४ पासून रद्द करण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध कोपनहेगनमध्ये मोठा मोर्चा निघाला. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी विकास मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणून संरक्षण वाढवण्याचे ठरवले आणि संबंधित मंत्र्याने राजीनामा दिला. जर्मनीने तिसरी वाट धरली : कर्ज. २०२२ मध्ये १०० अब्ज युरोंचा खास निधी उभारला, आणि २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यापुढचा संरक्षण खर्च घटनेतील कर्जमर्यादेतून वगळला. कर्ज काढले की वाद पुढच्या पिढीवर ढकलला जातो, पण संपत नाही.

लष्करी खर्चाने विकासाला हातभार लागतो की खीळ बसते, याचे अर्थशास्त्राकडे सरळ उत्तर नाही. एमिल बेन्वा यांना १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांच्या अभ्यासात दोहोंचा अनुकूल संबंध आढळला. पुढच्या अनेक अभ्यासांनी तो खोडून काढला किंवा क्षीण ठरवला. कारण आणि परिणाम येथे सहज उलटतात, कारण श्रीमंत होत असलेला देशच जास्त शस्त्रे घेऊ शकतो.

हितसंबंध

१७ जानेवारी १९६१च्या निरोपाच्या भाषणात आयझेनहॉवर यांनी सैन्य आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीच्या, म्हणजे ‘लष्करी-औद्योगिक संकुला’च्या, अवाजवी प्रभावाविषयी इशारा दिला. या संकुलात लोकप्रतिनिधीही येतात. मतदारसंघातील कारखाना किंवा तळ वाचवणे हा सर्व पक्षांचा समान कार्यक्रम असतो. अमेरिकेत अनावश्यक तळ बंद करणे इतके अवघड झाले की १९८८ पासून स्वतंत्र आयोगाची पद्धत आणावी लागली : आयोग यादी करी आणि संसदेला ती संपूर्ण स्वीकारावी किंवा संपूर्ण नाकारावी लागे, एखादे नाव गाळता येत नसे. सैन्यदलांची आपसातील चुरसही कमी नसते. एप्रिल १९४९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या विमानवाहू नौकेचा कणा बसवल्यावर पाचच दिवसांत ती रद्द झाली, कारण पैसा हवाईदलाच्या बॉम्बफेकी विमानांकडे वळवायचा होता. त्यानंतर नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी उघड बंड पुकारले.

हिशेबाची शिस्त मात्र या सगळ्यांच्या मागे राहते. अमेरिकी संरक्षण खात्याचे पहिले संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये झाले. त्यात आणि नंतरच्या वर्षांतही खाते अनुत्तीर्ण ठरत आले आहे.

थेट मतदान

लोकांना या प्रश्नावर सरळ मत देता येते असा देश म्हणजे स्वित्झर्लंड. १९८९ मध्ये सैन्यच बरखास्त करण्याच्या प्रस्तावाला ३५.६ टक्के मते पडली. प्रस्ताव हरला, पण एवढी मते कोणाच्या ध्यानीमनी नव्हती आणि नंतर सैन्यात सुधारणा झाल्या. २०१४ मध्ये ग्रिपेन विमानांची खरेदी मतदारांनी ५३.४ टक्क्यांनी फेटाळली. सरकारने धडा घेतला : २०२० मध्ये विमानाचे नाव न सांगता केवळ सहा अब्ज फ्रँकपर्यंतच्या रकमेवर कौल मागितला. तो ५०.१ टक्क्यांनी मिळाला, म्हणजे नऊ हजारांहून कमी मतांच्या फरकाने. २०२१ मध्ये एफ-३५ची निवड झाली, आणि २०२५ मध्ये ठरलेली किंमत खरोखर पक्की होती का, यावरून अमेरिकेशी मतभेद उघड झाले. थेट लोकशाहीतही मतदाराने रक्कम मान्य केली होती. तिच्यातून काय आणि किती मिळणार, हे त्याच्या हाती नव्हते.

सुरक्षेच्या व्याख्येचा वाद

कोस्टा रिकाने १९४८च्या यादवीनंतर सैन्य बरखास्त केले आणि १९४९च्या घटनेत कायमचे सैन्य ठेवण्यास बंदी घातली. हा नमुना सर्वत्र चालेल असे नाही; प्रादेशिक करारांचे आणि अमेरिकेच्या प्रभावाचे कवच त्या देशाला मिळाले. आघाडीत राहून दुसऱ्याच्या खर्चावर सुरक्षित राहण्याच्या या प्रवृत्तीचे विश्लेषण ओल्सन आणि झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये केले होते. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली आणि अन्न, आरोग्य, पर्यावरण यांनाही सुरक्षेचे विषय मानले. टीकाकारांचे म्हणणे असे की सगळेच सुरक्षा ठरले तर प्राधान्यक्रम ठरवता येत नाही. या आक्षेपात तथ्य आहे.

गंमत अशी की आता व्याख्या दुसऱ्या बाजूनेही ताणली जात आहे. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले, तेव्हा मुदतीत निम्म्याच्या आसपासच देता आले. पैसा होता, कारखाने नव्हते; म्हणजे कारखानेही सुरक्षेचाच भाग ठरले. जून २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत नाटोने २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट मान्य केले. त्यातले ३.५ टक्के थेट संरक्षणासाठी आणि १.५ टक्क्यांपर्यंत रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींसाठी आहेत. सिसिलीला इटलीच्या मुख्य भूमीशी जोडणारा मेसिना सामुद्रधुनीवरचा नियोजित पूल या दीड टक्क्यात धरता येईल का, यावर इटलीत त्याच वर्षी खल सुरू झाला.