बनावट नोकरभरती (मराठवाडा)

अस्तित्वात नसलेली, किंवा देण्याचा अधिकारच नसलेली नोकरी लावून देतो असे सांगून उमेदवाराकडून पैसे, मूळ कागदपत्रे किंवा बँक खाते काढून घेण्याचा फसवणुकीचा प्रकार. वर्तमानपत्रांत तो ‘नोकरीचे आमिष दाखवून गंडा’ या मथळ्याखाली येतो.

मराठवाड्यात कोरडवाहू शेती भरवशाची नाही आणि कारखानदारी मुख्यतः छत्रपती संभाजीनगर व जालन्याभोवती एकवटलेली आहे. त्यामुळे लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत मुले वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहत बसतात. पण फसवणूक फोफावण्याचे खरे कारण निव्वळ बेकारी नाही. कुणाला नोकरी लागली की गावात पहिला प्रश्न येतो, ‘किती भरले?’ खासगी संस्थांमध्ये शिक्षकाच्या, शिपायाच्या जागेसाठी ‘डोनेशन’ देण्याची रीत इतकी मुरली आहे, की पैसे मागणाऱ्याचा संशय येण्याऐवजी भरवसा वाटतो. शिक्षकभरती ऑनलाइन करण्यासाठी २०१७ मध्ये राज्य सरकारचे पवित्र पोर्टल आले, तरी ही समजूत पुसली गेलेली नाही.

मध्यस्थ बहुधा परका नसतो. पाहुण्यांपैकी, भावकीतला, नाहीतर तालुक्याला ऊठबस असलेला कुणीतरी असतो. ‘मंत्रालयात आपला माणूस आहे, निम्मे आता, निम्मे ऑर्डर हातात आल्यावर’ ही त्याची ठरलेली बोली. बाप एकरभर रान विकतो, आई गळ्यातले मोडते. मग येते जॉइनिंग लेटर. ते नीट पाहिले तर पुष्कळ कळते. राजमुद्रा मोबाइलवरून उचलल्यासारखी पुसट, खात्याचे नाव अर्धवट, जाहिरात क्रमांक नाही, हजर होण्याची तारीख मात्र दोनच दिवसांवर. ही घाई मुद्दाम असते, चौकशीला वेळ मिळू नये म्हणून. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीचे ५० आणि लेखी परीक्षेचे १०० गुण असतात, मुलाखत नसते. तरीही ‘मुलाखतीत बसवून देतो’ म्हणणारा गिऱ्हाईक शोधतोच.

सरकारी भरतीत परीक्षा शुल्क असते, म्हणून ‘पैसे मागितले म्हणजे खोटे’ एवढी कसोटी अपुरी पडते. पैसे कुठे जातात, ते पाहावे. खरे शुल्क अधिकृत संकेतस्थळावरील अर्जासोबत भरले जाते. निवड झाल्यावर ‘फाइल चार्ज’, ‘ट्रेनिंग’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून क्यूआर कोड आला, तो स्कॅन केल्यावर वर एखाद्या खासगी व्यक्तीचे नाव दिसले, तर तिथेच थांबावे. सुरुवातीची रक्कम लहान असते. ती दिली की पुढची मागणी येते, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुन्हा भरतो.

घरबसल्या कामाच्या नावाखाली व्हिडिओ लाइक करण्याचे ‘टास्क’ देतात. आधी शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, नंतर मोठे टास्क घेण्यासाठी पैसे भरायला लावतात. खाते वापरायला मागणारे तर त्याहून घातक. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि चौकशी खातेदाराच्या दारात येते.

परदेशातल्या नोकरीसाठी एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो. त्याची नोंद ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. थायलंडमधील डेटा एंट्रीच्या नावाने नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

सरकारी जागेचा जाहिरात क्रमांक त्या खात्याच्या संकेतस्थळावर शोधावा. कंपनी नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कळते, पण खऱ्या कंपनीचे नावही चोरले जाते. नोकरी संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतली असेल, तर एसटीचे भाडे खर्चून गेटवर जावे आणि टाइम ऑफिसात पत्र दाखवून विचारावे. यापेक्षा पक्की खात्री दुसरी नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळणीपुरते दाखवावेत, कुणाकडे ठेवू नयेत.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. पैसे उकळले असतील तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रोख व्यवहारात लोक गप्प राहतात, कारण चारचौघांत लाज वाटते आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो याची धास्ती असते. मध्यस्थ हे ओळखून असतो. तो बॉन्डवर ‘हातउसने घेतले’ असे लिहून देतो, म्हणजे उद्या हे प्रकरण साध्या देण्याघेण्याचे वाटावे. अशा बॉन्डसोबत व्हॉट्सॲपवरचे संवाद, बँकेच्या नोंदी आणि ते बनावट पत्र जोडले, तर पैसे कशासाठी घेतले ते उघड होते. मध्यस्थाने तारण म्हणून दिलेला चेक वटला नाही, तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या वायद्यांत नेमकी हीच मुदत निघून जाते.