थर्मोस्टॅट काढला म्हणून गाडी तापायची थांबत नाही

"मुंबईत एवढं गरम होतं, इथे थर्मोस्टॅट कशाला, काढून टाका" हे गॅरेजमध्ये इतकी वर्षं ऐकतोय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. अहो पण थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप, त्याला बाहेरच्या हवेशी काय देणंघेणं, तो बघतो कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान, साधारण ८२ ते ९० डिग्रीला उघडतो आणि मग कूलंट थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. बंदच अडकला असेल तर गाडी तापणारच, पण मग नवीन टाका ना! काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडच आहे, म्हणून पेट्रोल जास्त सोडतो. काही इंजिनांत तर बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) उघडाच राहतो आणि गरम कूलंट रेडिएटरला चुकवून परत इंजिनात, म्हणजे उलटंच झालं.

आणि मूळ दुखणं तसंच. सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला सुटलात की उतरतो? आधी रेडिएटरचा फॅन बघा, त्याचा फ्यूज, रिले (फॅन चालू करणारा स्विच). स्पीडलाच तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते आणि वॉटर पंप. कूलंट सारखं कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, मी एकदा हात भाजून घेतलाय.