न्यूग्रेंजचं वेटोळं केल्टिक नाही

आयर्लंडच्या नावावर विकली जाणारी चांदीची लॉकेटं, टॅटूवाल्यांच्या वह्या, सहलीहून परतलेल्यांचे फोटो. सगळीकडे ती तीन वेटोळ्यांची खूण दिसते आणि खाली ठरलेली ओळ असते: 'प्राचीन केल्टिक चिन्ह'. अर्थही तयार असतात. भूत-वर्तमान-भविष्य, जन्म-जीवन-मृत्यू, कुमारी-माता-वृद्धा. आवडेल तो उचला. ज्यांनी ही वेटोळी न्यूग्रेंजच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याखालच्या एका अश्मयुगीन थडग्याच्या, दगडांवर कोरली, त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे अर्थाचं राहू द्या. पण ते लोक केल्ट, म्हणजे फार पुढच्या लोहयुगातले युरोपी लोक, नव्हते, एवढं तरी लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

केल्टिक म्हणून जी नक्षी ओळखली जाते ती बहुतेकांनी पाहिलेली असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातली केल्सची पोथी, म्हणजे बायबलमधल्या शुभवर्तमानांचं नक्षीदार हस्तलिखित, साधारण इ.स. 800 ची. तारा ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायचा नक्षीदार काटा, तिच्याहून शंभरेक वर्षं जुना (आणि हो, तो जुन्या आयरिश राजांच्या तारा टेकडीवर सापडलेला नाही, 1850 मध्ये बेटीस्टाउनजवळ सापडला आणि सराफाने भारदस्त नाव चिकटवलं). न संपणाऱ्या गाठी, एकमेकांत गुंतलेले लांबडे प्राणी. हे मठांच्या काळातलं ख्रिस्ती काम. गाठींची वीण भूमध्य सागराकडून आणि जर्मानिक कारागिरांकडून आली. त्यातली भोवऱ्यासारखी फिरणारी वेटोळी मात्र खरोखर जुन्या केल्टिक परंपरेतली, म्हणजे ला तेन शैलीतली. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल सरोवराकाठच्या एका ठिकाणावरून या लोहयुगीन शैलीला नाव मिळालं. आयर्लंडमध्ये ती इ.स.पू. 300 च्या सुमारास दिसू लागते.

आणि न्यूग्रेंज? मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या वळणावर, इ.स.पू. 3200 च्या आसपासचं. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा सहाएकशे वर्षं आधीचं. न्यूग्रेंजपासून आयर्लंडमधल्या ला तेनपर्यंत जितका काळ गेला, तितका ला तेनपासून आपल्यापर्यंतही गेलेला नाही. मधल्या काळात ताम्र आणि कांस्य आलं, लोखंड आलं. माणसंही बदलली: न्यूग्रेंज बांधणारे शेतकरी अनातोलियाकडून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेल्यांचे वंशज होते, आणि कांस्ययुगाच्या सुरुवातीला आलेल्या नव्या लोकांनी बेटावरचा वंश बराचसा बदलून टाकला, हे प्राचीन डीएनएवरून दिसतं.

तारखा पाठ होत नसतील तर सोडून द्या. दोन वेटोळी शेजारी ठेवून नुसती रेषा पाहिली तरी पुरे, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत.

न्यूग्रेंजची रेषा म्हणजे दगडात उतरलेली खाच. धातू नव्हता. गारगोटीचं किंवा चकमकीचं टोक दगडावर टेकवून वरून ठोकायचं, टिंबाला टिंब जोडत जायचं. त्यामुळे रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी राहते. वेटोळी हाताने काढलेली आहेत: एक मोठं, एक लहान, एखादं दगडाच्या फुगवट्यावर स्वार झालेलं. प्रवेशद्वारापुढच्या आडव्या दगडावर बघा, वेटोळी एकमेकांना रेटत पुढे सरकतात आणि उजवीकडे चौकटींना जागा देतात. आतल्या मागच्या कोनाड्यातलं प्रसिद्ध तिहेरी वेटोळं जेमतेम वीतभर-दीड वीत आहे, आणि त्यातलं प्रत्येक वेटोळं दुहेरी रेषेचं आहे: एक रेषा आत जाते, एक बाहेर येते. काही दगडांवरची नक्षी तर रचल्यानंतर कुणालाच दिसणार नाही अशा बाजूला आहे. म्हणजे ती सजावट म्हणून पाहणं हीसुद्धा आपलीच घाई.

ला तेनची रेषा कंपासातून येते. कमानीला कमान भिडते, मधला भाग फुगतो, टोक निमुळतं होतं किंवा तुतारीच्या तोंडासारखं उमलतं. शिवाय रिकामी जागाही नक्षीचाच भाग असते. आकृती कुठली आणि पार्श्वभूमी कुठली, यात डोळा मुद्दाम अडकवलेला असतो. गॉलवे परगण्यातला टुरो दगड पाहा. तिथे रेषा कोरलेली नाही, पार्श्वभूमी तासून काढली आहे आणि आकार वर राहिले आहेत. त्यातही तीन हातांची फिरती आकृती आहे, पण ती मध्यबिंदूभोवती गरगरते. न्यूग्रेंजच्या तीन वेटोळ्यांना असा मध्यबिंदू नाही. ती एकमेकांना बिलगून बसली आहेत. जाडी बदलते की नाही एवढं बघा, दहांपैकी नऊ वेळा उत्तर मिळेल.

घोळाला थोडं निमित्त आयरिश लोकांनीच दिलं. मध्ययुगीन कथांमध्ये न्यूग्रेंजचा ढिगारा दाग्दा हा देव आणि त्याचा मुलगा एंगस यांचं घर झाला, आणि पुढच्यांनी देवांबरोबर दगडही केल्टांच्या खात्यावर टाकले. मीथ परगण्यातल्याच लॉक्रूच्या टेकडीवर तर खरीच पंचाईत आहे. तिथल्या एका नवाश्मयुगीन थडग्यात हाडाच्या पातळ चकत्या सापडल्या, आणि त्यांतल्या काहींवर कंपासाने काढलेली अस्सल ला तेन नक्षी आहे. लोहयुगातली माणसं तीन हजार वर्षं जुन्या थडग्यात शिरून आपलं काम ठेवून गेली होती. एकाच छपराखाली दोन्ही होती, पण भिंतीवरचं वेगळं आणि चकतीवरचं वेगळं.

न्यूग्रेंजच्या दर्शनी पांढऱ्या भिंतीबद्दलही एक शब्द, कारण तिलाही लोक भाबडेपणाने 'पाच हजार वर्षं जुनी' म्हणतात. गारगोट्या जुन्याच आहेत, विकलोच्या डोंगरांतून आणलेल्या. उभी भिंत मात्र 1970 च्या दशकातली आणि तिच्या मागे काँक्रीट आहे. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांना उत्खननात त्या जमिनीवर पडलेल्या मिळाल्या आणि त्यांनी त्या ढासळलेल्या भिंतीच्या मानल्या. शेजारच्या नाउथ या तशाच थडग्यापाशी त्याच गारगोट्या जमिनीवरच पसरून ठेवल्या आहेत. मला नाउथची मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. ओ'केलींचं दुसरं काम मात्र वादातीत: 1967 च्या 21 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या सुमारास, दारावरच्या झरोक्यातून आलेला सूर्यकिरण 19 मीटरच्या बोळातून आत पोचताना त्यांनी पाहिला.

आणि गळ्यात केल्टिकच काही घालायचं असेल तर न्यूग्रेंजला ओढू नका. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ब्रॉयटरचा सोन्याचा कंठा आहे, 1896 मध्ये डेरी परगण्यात नांगरताना सापडलेला, इ.स.पू. पहिल्या शतकातला. उठावाच्या नक्षीमागची सगळी जागा कारागिराने कंपासाच्या बारीक कमानींनी भरून टाकली आहे. लॉकेटवाल्यांनी या कंठ्याची नक्कल करावी. अवघड आहे, म्हणूनच बहुधा करत नाहीत.